जुन्या ट्रायल्स मोटारसायकलची गिअर-यंत्रणा : प्रस्तावना

ज्या क्रीडेत वेगाला फारशी किंमत नाही, आणि शेवाळलेल्या खडकांवरून, ओढ्याच्या पात्रातून व झाडांच्या उघड्या मुळांवरून पाय जमिनीला न टेकवता यंत्र पुढे नेणे एवढ्या एकाच कसोटीवर सारा निकाल अवलंबून असतो, त्या ट्रायल्स नामक मोटारसायकल-क्रीडेचा परिचय मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच असेल. म्हणून प्रस्तुत पुस्तकाच्या विषयाकडे, म्हणजे त्या क्रीडेसाठी घडवलेल्या जुन्या यंत्रांतील गिअर बदलण्याच्या यंत्रणेच्या दुरुस्तीकडे, वळण्यापूर्वी ती क्रीडा यंत्राकडून काय मागते हे सांगणे अगत्याचे आहे. स्पर्धेच्या मार्गावर ठिकठिकाणी अवघड टप्पे आखलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यावर निरीक्षक उभा असतो. त्या टप्प्यात स्वाराचा पाय एकदा टेकला तर १ गुण दंड, वारंवार टेकला तर ३, आणि यंत्र थांबले किंवा हद्दीबाहेर गेले तर ५, असा हिशेब चालतो. ज्याच्या नावावर दंड सर्वांत कमी, तो विजयी. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा, जिची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते आणि जिचे ठाणे आज फोर्ट विल्यम या गावी असते, ती या क्रीडेतील सर्वांत मानाची समजली जाते. १९६१ साली गॉर्डन जॅक्सन यांनी एजेएस यंत्रावर ती जिंकली, तेव्हा सहाही दिवसांचा मिळून त्यांच्या नावावर अवघा १ गुण दंड होता.

एका गुणाला जिथे असे मोल येते, तिथे चढणीच्या मध्यावर गिअर उडून यंत्र न्यूट्रलमध्ये गेले, तर स्वाराचे कौशल्य कितीही उच्च प्रतीचे असो, पाच गुणांचा दंड त्याच्या माथी बसतोच. म्हणून अनुभवी स्वार टप्प्यात शिरण्यापूर्वीच पहिला गिअर घ्यावा की दुसरा याचा निर्णय करतो, आणि टप्पा पार होईतो लिव्हरला सहसा स्पर्श करीत नाही. खडकावर तोल सावरताना बुटाचा चुकून धक्का लागून गिअर बदलू नये, या हेतूने ट्रायल्स यंत्रात लिव्हर फूटरेस्टपासून बराच पुढे ठेवलेला असतो. रस्त्यावरच्या मोटारसायकलीत पाय फूटरेस्टवर तसाच ठेवून चवड्याने तो हलवता येतो, येथे मात्र पाय मुद्दाम उचलून पुढे न्यावा लागतो. स्वाराच्या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची असलेली ही योजना यंत्राच्या दृष्टीने धोक्याची ठरते, कारण इंजिनाच्या कडेला बाहेर आलेला तो लांब दांडा नेमका अशा ठिकाणी येतो, की दोन शिळांमधल्या अरुंद वाटेत शिरताना दगडाशी पहिली गाठ पडते ती बहुधा त्याचीच. शिवाय टप्पे संपले म्हणजे काम संपले असेही नाही: स्कॉटलंडच्या स्पर्धेत एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाता जाता दिवसाकाठी शंभर मैलांपर्यंत मजल मारावी लागते, त्यामुळे खालचे गिअर पायी चालणाऱ्याच्या गतीचे आणि वरचे हमरस्त्याच्या गतीचे, अशी दुहेरी जबाबदारी एकाच गिअरबॉक्सवर येऊन पडते.

पायाने गिअर बदलण्याची पद्धत मोटारसायकलीइतकी जुनी नाही. प्रारंभीच्या यंत्रांत पेट्रोलच्या टाकीशेजारी हाताने चालवण्याचा दांडा असे, आणि कितवा गिअर पडला हे त्या दांड्याच्या जागेवरून कळत असे. वेलोसेट कंपनीतील हॅरल्ड विलिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस अशी रचना सिद्ध केली की पायाच्या एका दाबाने एकच गिअर बदलावा, त्यापुढे लिव्हरने जाऊच नये, आणि पाय काढताच तो आपण होऊन मध्यस्थितीला परत यावा. शर्यतीच्या यंत्रासाठी निघालेली ही युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली. या पुस्तकात ज्या ज्या यंत्रणेचे वर्णन आले आहे, ती प्रत्येक तिचीच वंशज आहे, आणि तिच्यातील दोष ओळखताना ‘एक दाब, एक गिअर, आणि परत’ हे मूळचे तीन धर्म कोणत्या बिंदूशी भंगले एवढेच अखेर शोधायचे असते.

या वंशातील एक शाखा भारतीय वाचकाच्या अगदी परिचयाची आहे. रॉयल एन्फील्डची बुलेट ही आपल्याकडे लष्कराची, पोलिसांची आणि बागाईतदारांची गाडी म्हणून मान्यता पावली. परंतु तिच्याच इंग्लंडमधील भावंडावर बसून जॉनी ब्रिटन यांनी १९५२ व १९५७ अशी दोनदा स्कॉटलंडची ती सहा दिवसांची स्पर्धा जिंकली होती, ही गोष्ट पुण्या-कोल्हापुरात बुलेट बाळगणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडियाची स्थापना झाल्यानंतर अल्बियन जातीचा तो चार गिअरांचा डबा, उजव्या पायाचा लिव्हर, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली हा क्रम, आणि पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून एका दाबात न्यूट्रलवर आणणारा तो जोडीचा छोटा दांडा, हे सारे आपल्या गॅरेजांतून पुढे अनेक दशके नांदले. त्या गिअरबॉक्सची पाय-यंत्रणा बाहेरच्या झाकणाआड असल्यामुळे इंजिन न उघडता तिच्यापर्यंत पोहोचता येते. आपल्याकडील जुन्या फिटरांना बुलेटचा गिअर ‘बसवणे’ हे काम हातखंडा वाटते ते या सोयीमुळे; तीच सोय गृहीत धरून त्यांनी स्पॅनिश ट्रायल्स यंत्राला हात घातला, तर मात्र घोटाळा होण्याचा संभव आहे, कारण तेथे इंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असून यंत्रणेचा मोठा भाग क्लचच्या मागे आणि उरलेला कवचाच्या पोटात दडलेला असतो.

स्पेनचे नाव या विषयात अपरिहार्य आहे. फ्रान्सिस्को झेवियर बुल्तो यांनी १९५८ साली बार्सिलोनाजवळ बुल्ताको कंपनी काढली, आणि १९६४ च्या अखेरीस आयरिश स्वार सॅमी मिलर यांना, जे तोवर एरियलच्या ५०० सीसी यंत्रावर अजिंक्य मानले जात, आपल्याकडे आणून त्यांच्याकडून २४४ सीसी दोन-स्ट्रोक शेर्पा टी तयार करवून घेतली. १९६५ साली मिलर यांनी त्याच यंत्रावर स्कॉटलंडची स्पर्धा जिंकली, आणि जड चार-स्ट्रोक यंत्रांचा अंमल तेथून ओसरू लागला. बार्सिलोनाच्याच परिसरातील माँतेसा कंपनीने कोटा आणली. मूळची चित्रपट-प्रक्षेपक बनवणारी ओसा कंपनी मिक अँड्र्यूज यांना घेऊन पुढे आली, आणि त्यांनी १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे स्कॉटलंड जिंकले. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून १९७९ पर्यंतची पाचही पदे बुल्ताकोवरील स्वारांकडे गेली. परंतु त्याच वर्षापासून कामगारांचे संप आणि आर्थिक ओढाताण यांनी कारखान्याला ग्रासले, आणि १९८३ साली तो बंद पडला. माँतेसा होंडाच्या छत्राखाली गेली, ओसाही मिटली. म्हणजे ज्या यंत्रांची दुरुस्ती आपण करू पाहतो, त्यांपैकी बहुतेकांच्या कारखान्याकडे आज फिर्याद घेऊन जाता येत नाही. ब्रिटन व स्पेनमधील काही छोटे व्यावसायिक आजही सुटे भाग बनवतात हे खरे, परंतु प्रत्येक भाग मिळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून मोडलेला भाग फेकण्याआधी तो का मोडला आणि वाचेल काय, याचा विचार करणे या क्षेत्रात भागच पडते.

आता यंत्रणेकडे वळू. बाहेर दिसणारा लिव्हर एका शाफ्टच्या टोकावर बारीक दात्यांनी बसवलेला असतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो. हा शाफ्ट बुशमधून व ऑइल सीलमधून आत जातो. आत त्याला एक भुजा असते आणि त्या भुजेवर पंजा. शाफ्टभोवती केसपिनेच्या आकाराची एक परतीची स्प्रिंग असते, तिचे दोन पाय कवचात रोवलेल्या एका खुंटीच्या दोन बाजूंना टेकलेले असतात, आणि पाय काढल्यावर लिव्हर मध्यावर परत येतो तो तिच्या बळावर. पंजा एका गोल ड्रमच्या टोकावरील खुंट्यांना किंवा दात्यांना पकडून ड्रम एका घराने फिरवतो. ड्रमच्या पाठीवर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांत सिलेक्टर फोर्कच्या खुंट्या अडकलेल्या असतात, आणि ड्रम फिरला की फोर्क आपापल्या दांडीवर डावीउजवीकडे सरकून गिअरांना एकमेकांत गुंतवतात किंवा सोडवतात. हे गुंतणे परिघावरच्या दात्यांनी होत नाही, ते दाते तर सदैव एकमेकांत असतातच. गिअरच्या बाजूला जे जाड ठोकळेवजा दाते असतात आणि ज्यांना कारागीर डॉग म्हणतात, त्यांच्या द्वारे होते. अखेरीस, फिरलेला ड्रम त्याच घरात स्थिर राहावा म्हणून स्प्रिंगने दाबलेली एक गोळी किंवा चाकी त्याच्या कडेच्या खाचेत बसते. एवढ्या सर्वांचे व्यापार लिव्हर हलवताच क्षणार्धात घडतात, आणि त्यांतील प्रत्येक अवयवाचे अपयश लिव्हरपाशी निरनिराळ्या भाषेत व्यक्त होते.

या साखळीतून बल कसे वाहते हे ध्यानात घेतल्यावाचून दुरुस्तीचा विचार करणे व्यर्थ होय. लिव्हरची लांबी १४० मिलिमीटर आणि शाफ्टची त्रिज्या ७ मिलिमीटर धरली, तर टोकावर पडलेले बल शाफ्टवरील दात्यांपाशी वीसपट होऊन पोहोचते. पायाच्या दाबासाठी रचना केलेल्या त्या अवयवांवर स्वारासह दीड-पावणेदोनशे किलो वजनाचे यंत्र खडकावर आदळताना जो आघात येईल, त्याची कल्पना यावरून यावी. आघाताची दिशाही महत्त्वाची असते. खालून वर आलेला आघात शाफ्ट पिळतो आणि पंजा, ड्रम व त्याचे थांबे यांच्यापर्यंत जातो. समोरून आलेला आघात लिव्हर मागे व आत वाकवतो. आणि यंत्र कडेवर पडले तर शाफ्टच आत ढकलला जाऊन त्याची अडवणीची चकती किंवा सर्क्लिप जागा सोडते, प्रसंगी लिव्हरचा वाकलेला भाग कवचावर आदळून त्याला चीर पाडतो. जुन्या चांगल्या यंत्रांत लिव्हर शाफ्टपेक्षा मऊ धातूचा असतो, यामागे काटकसर नसून विचार आहे: घरातील विजेच्या फ्यूजची तार जशी स्वतः वितळून पुढील सर्व उपकरणांचे रक्षण करते, तसा लिव्हरने स्वतः वाकून किंवा स्वतःचे दाते गमावून शाफ्टचे, शाफ्टने पंजाचे आणि पंजाने कवचाचे रक्षण करावे, अशी दुर्बलतेची एक उतरंड मूळ रचनाकाराने आखलेली असते. ही उतरंड अभंग ठेवणे हेच या दुरुस्तीचे मर्म होय, असे माझे मत आहे, आणि पुस्तकातील प्रत्येक प्रकरण वाचताना वाचकाने ते सोबत बाळगावे असे मला वाटते.

दुर्दैवाने नेमका याच्या उलट प्रघात सर्वत्र आढळतो. लिव्हर पुनःपुन्हा वाकतो म्हणून त्यावर लोखंडी पट्टी वेल्ड करून तो जाड करतात. दाते झडले म्हणून लिव्हर शाफ्टलाच डाग देऊन कायमचा जोडतात. पहिल्या उपायाने पुढचा आघात शाफ्टवर जातो. दुसऱ्याने शाफ्टचे पाणी उतरते, शेजारचे सील जळते, आणि यापुढे क्लचचे झाकण काढायचे झाले, जे अनेक इंजिनांत शाफ्टवरूनच बाहेर येते, तर शाफ्ट कापल्यावाचून गत्यंतर राहत नाही. असे जोडलेले लिव्हर मी पाहिले आहेत आणि ज्यांनी ते जोडले त्यांची अडचणही समजू शकतो, कारण जंगलात वा परगावी घरी पोहोचण्यापुरती काही तजवीज करावीच लागते; परंतु तात्पुरती तजवीज आणि दुरुस्ती यांतील हद्द कारागिराने मनाशी स्पष्ट ठेवली पाहिजे. लिव्हरचे दाते गेले असतील तर लिव्हर बदलावा. शाफ्टचे दाते थोडे दबले असतील तर बारीक त्रिकोणी कानशीने प्रत्येक खाच साफ करून घ्यावी, लिव्हर पूर्ण आत बसवावा, आणि त्याची चीर बोल्ट आवळल्यावरही थोडी उघडी राहते की नाही हे पाहावे. चीर मिटून गेली असेल तर पकड खोटी आहे, बोल्ट कितीही घट्ट लागो.

लिव्हरच्या बाजूचा प्रश्नही येथेच उल्लेखिणे योग्य. ब्रिटिश व जुन्या स्पॅनिश यंत्रांत लिव्हर उजवीकडे असे. अमेरिकेच्या संघीय नियमाने सप्टेंबर १९७४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींत तो डावीकडे असणे सक्तीचे केले, आणि त्या बाजारावर भिस्त असलेल्या कारखान्यांना आपली रचना फिरवावी लागली. मुळात उजवीकडच्या लिव्हरसाठी आखलेल्या इंजिनात डाव्या बाजूला हालचाल नेण्यासाठी जिथे आडवा जोडशाफ्ट घातला, तिथे सांधे वाढले, आणि सांध्यागणिक ढिलाईही वाढली. अशा यंत्रात लिव्हर लोंबकळत असेल तर आतील पंजाला दोष देण्यापूर्वी हे सांधे तपासावेत.

तपास, मग उघडणे, असा क्रम या पुस्तकात काटेकोरपणे पाळला आहे याचे मला विशेष समाधान वाटते. आपल्याकडे पाना आधी फिरतो आणि विचार मागाहून येतो. या कामात ती सवय महाग पडते, कारण इंजिनाचे कवच दुभंगून मग बिघाड झाकणाआडच्या स्प्रिंगेत होता असे कळावे, याहून अधिक खेदाची गोष्ट कोणती? यंत्र स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करावे आणि एका हाताने चाक फिरवीत दुसऱ्या हाताने लिव्हर चालवावा. चाक स्थिर असताना डॉगसमोर डॉग येऊन गिअर पडत नाही, आणि त्यावरून अनभिज्ञ माणूस यंत्रणा मोडली असा निष्कर्ष काढतो. लिव्हर खाली गेला आणि तेथेच राहिला, तर परतीची स्प्रिंग तुटली आहे किंवा शाफ्ट वाकून बुशमध्ये धरतो आहे. हाताने उचलल्यावर तो सैल येतो की अडखळत येतो, यावरून दोहोंतील कोणते हे कळते. लिव्हर हलतो, परत येतो, पण गिअर पडत नाही, तर पंजा झिजला आहे किंवा त्याला खाली दाबणारी लहान स्प्रिंग गेली आहे. वर पडतो आणि खाली पडत नाही, किंवा उलट, तर पंजाची मध्यस्थिती ढळली आहे: भुजा वाकली असेल, अथवा स्प्रिंगेचे पाय ज्या खुंटीला टेकतात ती खुंटी सैल झाली असेल. गिअर नीट पडतो पण जोर लावताच उडतो, तर मात्र चिंतेचे कारण आहे, कारण डॉगच्या कडा गोल झाल्या असण्याचा किंवा फोर्क वाकला असण्याचा संभव मोठा. तरीही ड्रम धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग मऊ पडली नाही ना, हे स्वस्तातले कारण आधी निकालात काढावे. आणि लिव्हरच्या मुळाशी तेलाचा ओघळ दिसत असेल, तर शाफ्ट वाकला असल्याची ती सर्वांत पहिली साक्ष होय. नुसते सील बदलून तो ओघळ फार काळ थांबत नाही, कारण वाकडा शाफ्ट नव्या सीलचीही ओठपट्टी कुरतडतो.

तपासाअंती झाकण उघडायचे ठरले, तर तेल स्वच्छ भांड्यात काढावे आणि बोटांनी चोळून पाहावे. बारीक चंदेरी चिखल हा वयाचा परिणाम आहे. पण टोकदार कण किंवा तारेचा तुकडा आला, तर कोणता अवयव गेला हे झाकण उघडण्याआधीच समजते, आणि तो तुकडा पूर्ण सापडेपर्यंत झाकण पुन्हा लावू नये हेही ठरते. अनेक वर्षांचे जखडलेले स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडू पाहणे म्हणजे त्यांची डोकी गमावणे होय. तेथे हातोड्याच्या ठोक्याने फिरणारे हत्यार लागते. क्लचचा मधला नट काढताना क्लच अडवून धरण्याचे योग्य साधन वापरावे, गिअरच्या दात्यांत छिन्नी वा पाना अडकवू नये. क्लच निघाल्यावर शाफ्ट, भुजा, पंजा आणि स्प्रिंग दृष्टीस पडतात, आणि सुदैवाने बहुतांश अपघातांत बिघाड एवढ्यावरच थांबलेला असतो.

परतीची स्प्रिंग बहुधा वळणाच्या कोपऱ्यात तुटते. बाजारातील जवळपास तशी दिसणारी स्प्रिंग घेऊन तिचे पाय गॅसच्या ज्योतीने लाल करून वळवण्याचा मोह होतो. परंतु लाल झालेल्या जागी पोलादाचे पाणी उतरते, आणि ती स्प्रिंग काही काळाने वाकून मध्यस्थिती हरवते. तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, आतला व्यास आणि पायांमधील कोन ही चार मापे देऊन जाणत्या स्प्रिंग-कारागिराकडून ती करवून घेणे हाच सरळ मार्ग होय. पंजाची कड झिजली असेल तर वेल्डिंगने भरून, घासून, पुन्हा कठीण करता येते, पण हे काम पोलादाच्या जातीचे ज्ञान असलेल्यानेच करावे.

शाफ्टचा निवाडा सर्वांत नाजूक आहे. दोन व्ही-ठोकळ्यांवर ठेवून डायल गेजखाली फिरवला म्हणजे वाक किती आणि कोठे आहे हे कळते. गेज नसेल तर जाड काचेवर लोळवून खालून येणाऱ्या प्रकाशाची रेघ पाहावी. वाक थोडा असेल तर थंड स्थितीतच प्रेसखाली, दोन टोकांना आधार देऊन, थोडथोडा दाब वाढवीत सरळ करावा. ऐरणीवर हातोड्याने ठोकून सरळ केलेला शाफ्ट एका जागी सरळ आणि दोन जागी वाकडा होतो. तापवणे सर्वथा वर्ज्य. सरळ झाल्यावर दात्यांच्या मुळाशी आणि भुजेच्या जोडापाशी तडा गेलेला नाही ना, हे तडे दाखवणाऱ्या रंगद्रवाने पाहावे, कारण एकदा वाकून पुन्हा सरळ झालेले पोलाद तिसऱ्यांदा वाकत नाही, तुटते. मोठा वाक असेल, तर शाफ्ट बदलणे हाच निकाल समजावा. शाफ्टसोबत बुशही पाहावा. तो लंबगोल झाला असेल, तर लेथवर नवा बुश करून बसवणे हे कोणत्याही तालुक्याच्या गावी होण्यासारखे काम आहे.

इंजिनाचे कवच दुभंगण्याची वेळ आली, तर तो मामला वेगळा, आणि पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग त्यालाच दिला आहे तो उचितच. स्पॅनिश दोन-स्ट्रोक यंत्रांचे कवच उभे दुभंगते, म्हणून ड्रम व फोर्क यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी सिलिंडर, चुंबकाचे चाक, क्लच, प्राथमिक साखळी वा गिअर, सर्व उतरवावे लागते. दोन अर्धे स्क्रूड्रायव्हर खुपसून वेगळे करणाऱ्याच्या हाती नंतर तेल गळणारे इंजिनच राहते. शाफ्टांच्या टोकांवरील पातळ चकत्या तेलाने बेअरिंगला चिकटून राहतात किंवा नकळत खाली पडतात; कोणती चकती कोणत्या टोकाची, हे त्याच क्षणी लिहून ठेवले पाहिजे, कारण त्यांच्या अदलाबदलीने गिअरांची सारी रांग केसभर सरकते आणि मग नवे फोर्कही पूर्ण गुंतत नाहीत. फोर्कच्या टोकांवर निळसर झाक दिसली, तर तो गिअरच्या खाचेला सतत घासून तापत होता असे समजावे. असा फोर्क सरळ करून पुन्हा वापरण्याची शिफारस मी तरी करणार नाही. डॉगच्या कडा गोल झालेल्या गिअरांची जोडी मिळत नसेल, तर त्या कडा किंचित आतल्या बाजूला उतरत्या घासून घेण्याची पद्धत आहे, म्हणजे जोर आला की ते एकमेकांना ओढून धरतात. परंतु हे घासणे सर्व डॉगवर तंतोतंत सारखे झाले नाही, तर सारा भार एकाच डॉगवर येतो.

कवचाला चीर गेली असेल तर आर्गॉन वायूच्या वेल्डिंगने ती भरता येते. वर्षानुवर्षे तेल प्यालेले अॅल्युमिनियम आधी नीट स्वच्छ करून, तापवून, तेल बाहेर काढावे लागते, आणि काही यंत्रांची झाकणे मॅग्नेशियमची असल्याने धातूची ओळख पटल्यावाचून घासण्याचे वा वेल्डिंगचे काम हाती घेऊ नये. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो.

जोडणी झाल्यावर झाकण लावण्यापूर्वीच शाफ्ट हाताने फिरवीत सर्व गिअर वर-खाली घालून पाहावेत, आणि मगच पुढे जावे. लिव्हर बसवताना तो मूळ जागीच, म्हणजे बुटाच्या टोकापासून दूर आणि फूटरेस्टच्या पातळीच्या आसपास, बसवावा. रस्त्यावर चालवायला सोयीचा व्हावा म्हणून मागे ओढलेला लिव्हर टप्प्यात पाय लागून दगा देतो. अलीकडे टोक दुमडणारे लिव्हर मिळतात. संग्राहकांपैकी काहींना ते मूळ रूपाशी प्रतारणा वाटतात. पण यंत्र खडकावर न्यायचे असेल, तर मी दुमडणाऱ्या लिव्हरचाच पक्ष घेईन, कारण आघात लिव्हरपाशीच विरून जावा हा मूळ रचनेचाच हेतू त्यातून अधिक चांगला साधतो. जे यंत्र केवळ प्रदर्शनात उभे राहायचे, त्याला मूळ लिव्हर शोभतो. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यातील न्यू मिल्टन येथे सॅमी मिलर यांनी उभारलेल्या संग्रहालयात जुनी यंत्रे चालू स्थितीत राखण्याचा कटाक्ष आहे, आणि चालते यंत्र हाच यंत्राचा खरा दस्तऐवज, ही दृष्टी मला अधिक पटते.

एक विनंती करून मी वाचकांना पुस्तकाच्या स्वाधीन करतो. या यंत्रांचे मूळ शाफ्ट, पंजे, ड्रम आणि स्प्रिंगा ज्यांच्याजवळ असतील, मग ते झिजलेले असोत की मोडलेले, त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी त्यांची मापे सूक्ष्ममापकाने घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, कोणत्या वर्षाच्या व कोणत्या क्रमांकाच्या इंजिनातून ते निघाले याची नोंद करावी, आणि तो कागद जो कोणी कारागीर मागेल त्याच्या हाती विनामोबदला द्यावा.